‘उशाशी’वरची माणसं

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्याच महिन्यात तिला ‘उशाशी’ सापडली. घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांची ती ऑनलाइन जागा. तिथं कुणाला नाव नाही, गाव नाही. ती घरी कपडे शिवायची, म्हणून तिनं टोपणनाव घेतलं ‘टाचणी’.

सासूबाईंच्या पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तिथं विचारलं. तासाभरात ‘जुनी छत्री’ नावाच्या कुणीतरी सगळं समजावून लिहिलं: दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती राहू देऊ नका, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्या. शेवटी एक ओळ होती, ‘आणि तुम्ही जेवलात का?’ शिलाई मशीनवर डोकं टेकून ती रडली. घरात कुणी हे विचारलं नव्हतं.

पुढं तिथं माणसं वाढली. एकानं आपल्या सासऱ्यांची गंमत लिहिली, शंभर जण हसले. हसण्यात वाईट काय? मेटाकुटीला आलेल्या जिवांना तेवढाच विरंगुळा. मग गंमत जितकी बोचरी तितकी वाहवा जास्त, असं होत गेलं. म्हाताऱ्यांना सगळे ‘सामान’ म्हणू लागले. जुनी छत्रीनं एकदा लिहिलं, ‘जरा जपून बोलूया.’ लोक तुटून पडले. छत्री पुन्हा दिसली नाही.

टाचणी तेव्हा मूग गिळून बसली. एवढंच नाही, सासूबाई वारलेल्या नवऱ्याला रोज चहाला हाका मारतात, तेही तिनं मीठमसाला लावून लिहिलं. तीनशे जण हसले. दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

एके दुपारी नणंदेचा फोन आला.

“वहिनी, आईसाठी काही उपाय मिळतो का म्हणून ‘उशाशी’ वाचत होते. बाई गं, काय एकेक माणसं! एकीची सासू म्हणे मेलेल्या नवऱ्याला चहाला बोलावते. आपली आईपण तेच करते ना?”

तिनं मशीन थांबवलं. हो ला हो करून विषय बदलता आला असता.

“वन्सं,” ती म्हणाली, “ते मीच लिहिलंय.”

नणंद हळूच म्हणाली, “वहिनी, वाचताना मी हसले होते. आईची आठवण नंतर झाली.”



फोन ठेवून तिनं आपलं लिहिलेलं पुसून टाकलं. खालीच कुणा नव्या माणसाचा प्रश्न होता: वडील दोन दिवस घास गिळत नाहीत, काय करू? उत्तरं आली होती, ‘अभिनंदन!’, ‘सामान परत पाठवा.’

तिनं सविस्तर लिहिलं. डॉक्टरांना आजच बोलवा. पडल्या पडल्या काही भरवू नका. ओल्या कापडानं ओठ पुसत राहा.

‘टाचणी बोथट झाली!’ कुणीतरी लिहिलं. बरेच जण हसले.

विचारणाऱ्याचं उत्तर आलं नाही. त्यानं वाचलं, की तो आधीच निघून गेला, कळायला मार्ग नव्हता. तरी कितीतरी दिवस ती शिवता शिवता मधेच उठून बघत राहिली.