नवव्या फर्म्यातली काकू

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकाचं नाव कुणी घेत नाही, कव्हरचा रंग घेतात. गेल्या महिन्यात निळी आणि तांबडी अशा दोन मालिका एकदमच येऊन पडल्या. दोन्ही मुलांच्या, दोन्ही जादूच्या, दोन्हींचा चौथा भाग. आकार एक, कागद एक, छापखाना एक. जुळ्या बहिणीच म्हणा ना, फक्त कपडे वेगळे.

माझं काम फर्मे जुळवायचं. सोळा-सोळा पानांच्या घड्या घातलेल्या असतात, तो एकेक फर्मा. लांब टेबलावर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत गठ्ठे मांडायचे आणि टेबलाच्या कडेने चालत एकेक उचलत जायचं. टोकाला पोचेपर्यंत हातात अख्खं पुस्तक येतं, शिवायचं तेवढं राहतं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, पहिल्याची सगळ्यात वर, मग दुसऱ्याची जरा खाली. सगळे एकत्र धरले की खुणांचा जिना दिसतो. पायरी तुटली तर समजायचं, गडबड झाली. या कामात माझा हात धरणारं कारखान्यात कुणी नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, फोरमनच सांगत फिरतो.

कव्हर तिरकं बसलेली एखादी प्रत फोरमन मला घरी नेऊ देतो. ती बिट्टीसाठी. बिट्टी म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. ते आणि जाऊबाई एकाच अपघातात गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. आता आठवीत आहे. आमचे हे ट्रक चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. घरात मी, बिट्टी आणि माझी तीन वर्षांची धाकटी. बिट्टी शाळेतून येताना धाकटीला शेजारच्या आजींकडून घेते, तिला खाऊ-पिऊ घालते, खेळवते, मी येईपर्यंत भातही लावून ठेवते. मी कधी सांगितलं नाही. म्हणजे पहिल्यांदा सांगितलं असेल, नंतर सांगावं लागलं नाही.

आणि उरलेल्या वेळात वाचते. वाचते कसली, पुस्तकांचा फडशा पाडते. निळी मालिका, तांबडी मालिका, वाचनालयातली एक हिरवी.

"काकू, या सगळ्या एकच गोष्ट सांगतात," एका संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली. "तिन्हींत मुलगी पोरकी. तिच्यात काहीतरी शक्ती असते आणि तिलाच पत्ता नसतो. मग एक म्हातारा गुरू येतो."

"आणि मरतो."

"तुला कसं कळलं?"

"पाठीवरच्या मजकुरात त्याचं इतकं कौतुक असतं, तो कशाला जगतोय! पुढे सांग."

"एक मित्र हसवणारा, एक हुशार. वाईट माणूस शेवटी नात्यातलाच निघतो. आणि सुरुवातीला," तिने देठ मोडला, "मुलगी काका-काकूंकडे राहत असते."

"तिन्हींत?"

"हं. निळ्यात आणि हिरव्यात तर काकू एकदम डेंजर. मुलीला कुणी न्यायला आलं की लपवून ठेवतात."

भाजीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. कारण आदल्याच दिवशी तिच्या मावशीचा फोन येऊन गेला होता.

मावशी लांबच्या शहरात असते. इतकी वर्षं तिचंच नीट बस्तान नव्हतं, वर्षातून दोनदा फोन करायची, रडायची आणि ठेवायची. आता तिला चांगली नोकरी होती, मोठं घर होतं. "तिच्यासाठी वेगळी खोली काढून ठेवली आहे. जवळच चांगली शाळा आहे," ती म्हणाली होती. "तुम्ही खूप केलंत, वहिनी. मी तुमचा हक्क हिरावत नाहीये. फक्त तिला एकदा विचारा. ती म्हणेल तसं." आणि मी, जिला पोरगी समोरच्या खोलीत धाकटीच्या वेण्या घालताना दिसत होती, म्हणाले, "विचारलंय मी तिला मागेच. तिला नाही यायचं."

किती सहज बोलले! मावशी म्हणाली, "बरं. सुखात आहे ना?" मी म्हटलं, अगदी.

भाजी निवडताना हे सगळं डोक्यात फिरत होतं. मी उगाचच चढ्या आवाजात म्हटलं, "या लेखकांना काकूंशी काय वैर आहे गं? मामी नाही, आत्या नाही. काकूच बरी सापडते!"

बिट्टी हसली. "तसं नाही गं. काकू चांगली असेल तर मुलगी घर सोडून जाणारच नाही. मग गोष्ट कशी होणार?"

हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मला बरं वाटलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कामावर होते आणि नव्हतेही. टेबलाच्या एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला तांबडी. मी चालत होते, हात उचलत होते आणि डोक्यात मावशीशी भांडण चालू होतं. इतकी वर्षं कुठे होतीस बाई? तापात रात्ररात्र कोण बसलं? पहिल्यांदा शाळेत जाताना ती दाराला चिकटली होती, तेव्हा तिची बोटं कुणी सोडवली? सगळे मुद्दे माझ्या बाजूचे. फक्त मध्येच कुठूनतरी एक बारीक प्रश्न यायचा की बाई गं, हे सगळं बिट्टीसमोर का नाही मांडलंस? त्याला उत्तर म्हणून मी धाकटीसाठी शोधावं लागणारं पाळणाघर, ह्यांच्या फेऱ्या, माझी सुटायची वेळ असलं काहीबाही जुळवायची आणि स्वतःचीच लाज वाटून आणखी भरभर चालायची. त्या भरात नववा गठ्ठा संपला, मी मागून दुसरा आणून ठेवला आणि चालत राहिले.

पुढच्या आठवड्यात निळ्याची एक तिरकी प्रत मिळाली. घरी नेली. बिट्टीने दोन दिवसांत संपवली आणि संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत पुस्तक नाचवत आली. धाकटी तिच्या फ्रॉकला लटकलेली.

"काकू, या पुस्तकात दुसरं पुस्तक घुसलंय!"

"काय बोलतेस?"

"हे बघ ना. इथपर्यंत हिच्याकडे घोडा आहे. पान उलटलं की गाढव. पुढे सोळा पानं गाढवच. मग परत घोडा. आणि हिचं नावही बदललं. आधी मला वाटलं, कुणी ओळखू नये म्हणून बदललं असेल. गाढवाचंही मी चालवून घेतलं, म्हटलं जादू असेल. मग लक्षात आलं, हे तांबड्यातलं आहे!" ती हसून हसून खाली बसली. "पण इतकं फिट्ट बसलंय ना, काकू! मी कितीतरी वेळ वाचतच राहिले."

मी पुस्तक पाठीकडून उघडून आत डोकावले. खुणांचा जिना अगदी बिनचूक. बिनचूकच असणार, दोन्ही मालिकांच्या नवव्या फर्म्याची खूण एकाच जागी, पानांचे आकडेही तेच. ही एकच चूक आमच्या खुणांत पकडली जात नाही. ती करायला माझ्यासारखी मुरलेली बाई लागते, जी खूण बघते आणि पान बघत नाही.

"सगळ्यात मजा कुठे आहे माहितेय?" बिट्टीने पुस्तक ओढून घेतलं. "गाढव येण्याच्या अगदी आधी एक करड्या झग्यातली बाई मुलीला न्यायला येते. काकू दारातच सांगते, अशी कुणी मुलगी इथे राहत नाही. खोटारडी! आता पान उलट. इथून तांबड्यातली काकू सुरू होते. ती आत येते आणि मुलीला म्हणते, ऐक..." तिने वाचून दाखवलं. "‘बाहेर तुला न्यायला आले आहेत. मी त्यांना परत पाठवणार होते. पण विचारायचं तुला आहे, मला नाही.’ बघ ना. एका पानात सुधारली!"

"हं," मी म्हटलं.

"हे मी परत देणार नाही हां. खरं पुस्तक वाचनालयातून आणेन. त्यात काकू तिला कोठारात कोंडते, माझ्या मैत्रिणीने सांगितलं. मला हीच काकू आवडली."

ती स्वयंपाकघरात गेली. मी तिथेच बसून ते पान पुन्हा वाचलं. लिहिणारी बाई कोण, कुठली, तिला माझ्या घरात काय चाललंय त्याचा गंधही नव्हता. तरी भर बाजारात कुणी कान धरावा तसं झालं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बिट्टीने दोनदा विचारलं, बरं नाही का. दोनदा मी म्हटलं, दमलेय. एका खोट्यावर दुसरं रचायला मला आता काहीच वाटेनासं झालं होतं, आणि तेच सगळ्यात जास्त वाटत होतं.

सकाळी प्रत पिशवीत घालून मी सरळ फोरमनसमोर उभी राहिले. "माझ्या हातून नववा फर्मा बदललाय. तांबड्याचा निळ्यात गेलाय. किती प्रतींत, ठाऊक नाही."

त्याने उभ्या उभ्या वाचायला घेतलं. एक पान, दोन पानं. चष्मा वर सरकवला. "मग? चूक कुठाय?"

"घोडा बघा."

"कुठला घोडा? हे तर गाढव आहे."

"तेच तर!"

त्याने आणखी दोन पानं वाचली, मग कपाळावर हात मारला. "नाव आणि जनावर सोडलं तर काय बदललंय यात? कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आमच्या बिट्टीला कळलं."

"मग झालंच. पोरं सोडायची नाहीत." तो माझ्यावर ओरडला, अगदी सगळ्यांसमोर ओरडला, आणि ते मला औषधासारखं लागलं. निघायला तयार असलेले सगळे गठ्ठे आम्ही उघडले. चुकीच्या प्रती थोड्याच निघाल्या. त्यांची शिवण मी स्वतः उसवली. दुपारी चहा पिताना फोरमन म्हणाला, "जाऊ दे. आपण होऊन सांगितलंस, हे मोठं."

मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. आणि कपातला चहा संपायच्या आत लक्षात आलं, कबुली तर दिली, पण ज्याला द्यायची नव्हती त्याला. कागदाच्या सोळा पानांसाठी एवढा आटापिटा केला. ज्या पोरीचं पान उलटायच्या आधीच मी फाडून टाकलं, ती घरी भात लावत असेल.

अर्धी रजा टाकून निघाले.

बिट्टी जमिनीवर पालथी पडून धाकटीला चित्र काढून देत होती. मला लवकर बघून दचकली. "काय झालं? काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू बस. ऐक." पुस्तकातल्या काकूनेही असंच म्हटलं होतं, पण तिचं बोलणं कसं एका दमात झालं होतं. माझं होईना. "तुझ्या मावशीचा फोन आला होता."

"कधी?"

"झाले की दिवस. तिला नोकरी लागलीय, घर घेतलंय. तुला तिच्याकडे राहायला बोलावतेय. कायमचं. म्हणाली, बिट्टीला विचारा."

"मग?"

"मी तुला नाही विचारलं. तिला सांगितलं, तुला यायचं नाही म्हणून."

धाकटी तिला पेन्सिल देत होती, ती तिने घेतली आणि बाजूला ठेवली. "का?"

वाटेत मी पुष्कळ तयारी केली होती. तिची शाळा, तिचे काका, मावशीचा भरवसा काय. त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडाकडे बघून बोलवेना. "हिला कोण बघणार, हे पहिल्यांदा डोक्यात आलं," मी धाकटीकडे हात केला. "खरंच तेच आलं. मग तू नसलीस तर घर खायला उठेल, हे आलं. आणि ते दुसरंच आधी आलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. चुकलं माझं, बिट्टी."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर ओरडेल. फोरमन ओरडला तशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चित्राच्या कागदाची कड बोटाने सरळ करत बसली.

"मी नाहीच म्हटलं असतं, काकू," ती शेवटी म्हणाली. "तू त्याच दिवशी विचारलं असतंस ना, तर मी लगेच नाही म्हटलं असतं. हिला सोडून मी कुठे जाणार होते?"

माझा जीव भांड्यात पडला. मी हावरटासारखी पुढे सरकले. "मग तसंच सांगूया ना तिला. आत्ता सांगूया."

बिट्टीने मान हलवली. "आता मला माहीत नाही."

तिने हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात ठेवला, मावशीचा नंबर काढून. ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत तिने कधी दार लावलं नव्हतं.

धाकटी मागोमाग गेली आणि दोन्ही हातांनी दार वाजवायला लागली. बिट्टीताई, बिट्टीताई. मी तिला उचलली, तिने लाथा झाडल्या तरी सोडली नाही, आणि खाली रस्त्यावर घेऊन गेले, म्हणजे बिट्टीला जे काय सांगायचं असेल ते मावशीला मोकळेपणी सांगता यावं.