दोन आजोबांची ऐपत

आमचे हे शिंपी. दुकानातून आले ते स्वतःचा चांगला चौकड्यांचा कोट मांडीवर घेऊन बसले आणि कात्रीने त्याचं कोपर कापायला लागले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"उद्या कचेरीत गरीब दिसायला हवं," हे म्हणाले. "ठिगळ लावतो."

आमची मुलगी सोळाची, तिचा तो सतराचा आणि दोघांची मुलगी दोन महिन्यांची. कायदा असा, की आईबाप अठराचे होईपर्यंत बाळाचा खर्च दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी ऐपतीप्रमाणे उचलायचा. ऐपत कचेरीत ठरायची; ती जितकी कमी, तितका भार कमी. हे कळल्यापासून दोन्ही घरांतले कर्ते पुरुष असे काही रसातळाला गेले, की बघवत नव्हतं. मुलाच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान. त्यांना व्याही म्हणावं तर लग्नाचा पत्ता नाही, परके म्हणावं तर नातीचं नाक थेट त्यांच्यावर गेलेलं. म्हणून घरात आम्ही त्यांना सोफासेट म्हणायचो.

पोरीला मात्र एकच धास्ती. "बाबा, बाळ माझ्याजवळच राहील ना?" ती रोज विचारायची आणि हे रोज "बघू" म्हणायचे. त्या "बघू"चा मला भयंकर संताप यायचा.

पोरीला आणि बाळाला घेऊन आम्ही कचेरीत पोचलो, तर सोफासेट आधीच येऊन बसले होते. अंगात नोकराचा सदरा, पायात झिजलेल्या चपला. गाडी मागच्या गल्लीत लावलेली आम्ही येताना पाहिली होती. लेकाला त्यांनी घरीच ठेवलं होतं. त्याच्या पायात नवेकोरे बूट असणार.

टेबलामागच्या मॅडमनी आमच्या ह्यांचा कोट बघितला. मग जवळ बोलावून बघितला.

"ठिगळ आहे कुठे?"

आता काय सांगायचं! ह्यांच्या हातून वाईट टाका पडतच नाही. चौकडीला चौकडी अशी जुळवली होती, की कोपर शोधावं लागत होतं.

"माझ्या मिस्टरांचा कोट असाच फाटलाय," मॅडम म्हणाल्या. "काय घ्याल?"

आणि ह्यांनी छाती फुगवून दर सांगितला. शिवाय "गिऱ्हाइकांची रांग आहे, थांबावं लागेल" हेही वर. मी कपाळाला हात लावला.

सोफासेट खुदकन हसले, तशी त्यांची खुर्ची करकरली. झालं! गृहस्थ उठले, खुर्ची उलटी केली आणि बोटाने ठोकून म्हणाले, "भुसा आहे हो मॅडम, नुसता दाबलेला भुसा! आमच्या दोन्ही शोरूममध्ये असला माल दारातसुद्धा उभा करत नाही."

"दोन्ही?" मॅडमनी विचारलं.

सोफासेटांनी खुर्ची हळूच सरळ केली.

मॅडमना राग आला नाही, हेच मला भीतीदायक वाटलं. त्यांनी दोन्ही घरांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले. "दोघांनीही ऐपत नाही असं लिहून दिलंय. ठीक आहे, मान्य. मग बाळ सरकारी बालगृहात जाईल. इथे सह्या करा."

पोरीने बाळ इतकं घट्ट धरलं, की ते दचकून रडायला लागलं.

"थांबा," सोफासेट म्हणाले. "तिसरं शोरूम काढतोय मी. नात आमच्याकडे द्या."

"तुमच्याकडे का?" हे उसळले. "माझी चार मशिनं चालतात! चार कारागीर आहेत हाताखाली!"

"माझं गोदाम आहे!"

"माझ्याकडे रांग असते, आत्ताच सांगितलं ना!"

बघता बघता कचेरीतले दोन भिकारी सावकार झाले. मॅडम निमूटपणे लिहून घेत होत्या.

"फर्निचरवाल्यांची ऐपत मला दिसली," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचीही असेल तर बाळ आईजवळच राहील, तुमच्या घरी, आणि खर्च दोघे उचलाल. नसेल तर बाळ त्यांच्याकडे जाईल." मग पेन माझ्याकडे वळलं. "आजीबाई, तुम्ही सांगा. मशिनं खरंच चार आहेत? विचार करून बोला. आकडा त्यावर बसेल आणि दर महिन्याला भरावा लागेल."

दुकानात मशिनं दोन. त्यातलं एक भाड्याचं. कारागीर एकच, आणि तो माझ्या शेजारी बसून घाम पुसत होता. खोटं बोललेलं मला खपत नाही. यावरून मी ह्यांना आयुष्यभर सुनावत आले आहे. त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला. ह्यांचा, सोफासेटांचा, त्या कायद्याचा, या वयात आम्हाला कचेरी दाखवणाऱ्या पोरीचा. आणि एवढं सगळं असूनही ती रडकी, नकट्या नाकाची नात मला माझ्या घरात हवी होती. लेक माझ्याकडे बघत होती, श्वास रोखून.

"चार," मी म्हटलं. "आणि पाचवं पुढच्या आठवड्यात येतंय. तेही लिहून घ्या."