काचगोळ्यातलं हसू

काय म्हणता, ओळखलं नाही? अहो, मी टिवल्या! दोन शेपट्या, एक कान उभा, एक कान लोंबता, पोटावर पांढरा ठिपका. आता पेटली ट्यूब? तुमच्या घरातल्या पोराटोरांना विचारा, तीच सांगतील. त्या मालिकेतला तो, जो कुणाला सापडत नाही, तोच मी. निदान सुरुवातीला तरी सापडत नव्हतो. मधे सापडलो आणि चांगलाच अडकलो. तेच सांगायचंय.

माझा जन्म जंगलात झाला असं मालिकेत दाखवलंय. साफ खोटं. माझा जन्म दिव्याच्या टेबलावर झाला. खाली दिवा, वर काच, काचेवर कागद आणि कागदावर मावशींची पेन्सिल. त्या सगळ्यांच्याच मावशी. पोरगेल्या चित्रकारांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. मालिकेत काचगोळे घेऊन फिरणारी मुलं असतात, ती अद्भुत प्राणी पकडतात आणि त्यांच्याशी दोस्ती करतात, ही कल्पना साहेबांची. पण त्या सगळ्या प्राण्यांत एक असा हवा, ज्याच्या नुसत्या दंतकथाच ऐकू याव्यात, हे मावशींच्या डोक्यातून आलं. शोधायला निघालं की दिसायचा नाही, आणि नाद सोडला की पायातला एक बूट पळवून समोर फांदीवर बसेल असा.

माझा चेहरा कुठून आला ठाऊक आहे? मावशींच्या टेबलावर एक छोटा आरसा होता. चित्रात हसू काढायचं असलं की त्या आरशात बघून आधी स्वतः हसायच्या, मग ते हसू कागदावर उतरवायच्या. मी खिदळतो, मी गालातल्या गालात हसतो, मी जीभ काढून वेडावतो, ते सगळं त्यांचंच. शेजारच्या टेबलावरची मुलं म्हणायची, "मावशी म्हणजे काय, सदा खूश!" मावशी हसायच्या. मग माझ्या सगळ्या चेहऱ्यांचा एक तक्ता तयार झाला. तक्त्यात बारा असोत की पंधरा, असतील तेवढे सगळे हसरेच. खाली साहेबांनी लिहिलं, टिवल्या कधीही दुःखी दिसता कामा नये. झालं, माझं नशीब तिथंच ठरलं.

या साहेबांना सगळे पाठीमागे 'आटपासाहेब' म्हणत. कारण खोलीत पाऊल टाकायच्या आधी त्यांचा आवाज आत यायचा, "आटपा, आटपा!" माणूस वाईट नाही हो. पण भाग वेळेवर गेला पाहिजे, बाकी जग इकडचं तिकडे होवो, असा स्वभाव.

पहिले काही भाग काय मजेत गेले म्हणून सांगू! मी धावायचो, पाण्यात उड्या मारायचो, कुणाची टोपी पळवायचो. माझ्या एका उडीसाठी मावशी मान मोडेपर्यंत काम करायच्या. मुख्य चित्रं त्या काढायच्या, मधली मधली बाकीची मुलं. मला आवाज द्यायला दादा यायचे. भलामोठा देह, झुपकेदार मिशा आणि गळ्यातून निघायचं बाळासारखं खिदळणं. माइकसमोर उभं राहून त्यांनी माझं हसू एकदाच भरपूर रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

मग मालिकेच्या पहिल्या मोसमाचा, म्हणजे पहिल्या पर्वाचा, शेवटचा भाग आला. आटपासाहेब म्हणाले, "शेवट असा पाहिजे की पोरांचा श्वास अडकला पाहिजे. टिवल्याला पकडा!"

"आणि सोडायचा कधी?" मावशींनी विचारलं.

"पुढच्या मोसमात, पहिल्याच भागात. काळजी करू नका. पण आता वेळ अजिबात नाही. नवीन काही काढत बसू नका, साठ्यातलं उचला. आटपा!"

साठा म्हणजे जुन्या चित्रांची कपाटं. गडबडीत मावशींनी माझं धड एका भागातून घेतलं. त्या भागात नदीला पूर येत होता आणि मी एका झोपडीचं बंद दार दोन्ही मुठींनी ठोकत होतो, आतल्या मुलांना जागं करायला. तोंड घेतलं तक्त्यातून, गुदगुल्या झाल्यावरचं. दोन्ही एकत्र जोडलं, भोवती काचेचा गोळा काढला, दादांचं जुनं हसू चिकटवलं. चार-दोन चित्रं, तीच पुन्हा पुन्हा. याला त्यांच्यात लूप म्हणतात. भाग वेळेवर गेला.

आता घोटाळा लक्षात आला का तुमच्या? मी काचेवर जिवाच्या आकांतानं मुठी आपटत होतो आणि तोंडानं खिदळत होतो. बघणाऱ्याला वाटणार, लबाड आत बसून खेळतोय!

आणि तसंच वाटलं सगळ्यांना. पोरं वेडी झाली. त्या गोळ्याचं खेळणं निघालं. बटण दाबलं की मी आत मुठी आपटतो आणि हसतो. घराघरात मी मुठी आपटायला लागलो. खेळणीवाल्यांचा निरोप आला, टिवल्याला बाहेर काढू नका, आतच राहू दे. आटपासाहेबांनाही ते बरंच पडलं. बाहेरचा टिवल्या धावणार, त्याला ढीगभर चित्रं लागणार. आतला टिवल्या म्हणजे एक लूप, मला पकडणाऱ्या नायकाच्या कमरेच्या पट्ट्याला चिकटवला की काम झालं. सगळ्यांची सोय झाली. माझं कुणी विचारलं नाही.

लूपमध्ये राहणं म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? शेवटच्या चित्राला मूठ काचेला लागते, आता काच फुटेल असं वाटतं, आणि तेवढ्यात पुन्हा पहिलं चित्र. मूठ मागे, तोंड हसरं. पुन्हा सुरू. नायक दरीत पडला, मी पट्ट्यावर हसतोय. सगळ्यांना आगीतून पळावं लागलं, मी हसतोय. माझ्या मनात काय चाललंय आणि तोंडावर काय आहे याचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. संताप यायचा हो. पण संतापाचा चेहरा तक्त्यात नव्हता.

असे मोसमावर मोसम गेले. मी आतच.

दरम्यान मावशींकडे मी रोज बघत होतो. टेबलावर पडून दुसरं करणार काय! त्यांचा फोन वाजायचा. शेजारच्या बाईंचा असायचा. मावशी तोंडावर हात धरून हळू आवाजात बोलायच्या, "त्यांची कूस बदलली का हो? पाठ बघा जरा, लाल झालीय का. पेज घेत नसतील तर राहू दे, मी आल्यावर भरवते." त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, अंथरुणाला खिळले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. फोन ठेवला की मावशी आरशात बघायच्या, चेहरा नीट करायच्या आणि मागे वळून पोरांना म्हणायच्या, "काय रे, चहा आणलात की नाही?" ऑफिसात कुणालाही पत्ता नव्हता. काकांचं कुणी विचारलंच तर त्या हसून विषय बदलायच्या.

मग एकदा छोट्या पडद्याच्या खोलीत सगळे नवा भाग बघायला बसले. त्यात नायकाची आजी वारते. सगळी मुलं रडताहेत, नायक उशीत तोंड खुपसून पडलाय, आणि त्याच्या पट्ट्यावर मी. हसतोय. दादा आजोबांच्या आवाजासाठी आले होते, ते मागून मोठ्यानं म्हणाले, "अहो, हा बाबा हसतोय कशाला? दार ठोकतोय ना तो?"

सगळे फिदीफिदी हसले. मावशी सगळ्यांत जास्त हसल्या.

पण टेबलाशी परत आल्यावर त्यांनी माझं चित्र दिव्यावर ठेवलं आणि माझ्या तोंडावर अंगठा धरला. आता नुसत्या मुठी दिसत होत्या. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या. मग पुटपुटल्या, "अगं बाई! मी तुला कोंडलं ते कोंडलं, वर हसायला लावलं की रे!"

माझ्या जिवात जीव आला. कुणाला तरी दिसलं!

मावशी तडक आटपासाहेबांकडे गेल्या. "साहेब, टिवल्याला सोडायचं राहिलंय."

"आता कुठलं सोडता मावशी! हा हातानं काढायचा शेवटचा भाग. पुढची मालिका संगणकावर होणार, ती माणसं वेगळी, जागा वेगळी. त्यांना टिवल्या गोळ्यासकट द्यायचाय. लूप तयारच आहे, ते तसाच घेतील."

कागदावर आहे तोवर कुणीतरी खोडेल, कुणीतरी बदलेल, एवढी तरी आशा होती. तिकडे एकदा गेलो की मला हात कोण लावणार? यंत्रातला लूप दमत नाही, झिजत नाही. मी कायमचा आत, आणि कायमचा हसत.

"मग निदान चेहरा बदलू का?" मावशींनी विचारलं.

"तक्त्यातला कुठला हवा तो घ्या. आटपा!"

तक्त्यात काय, सगळी हसूच. मावशी टेबलाशी बसल्या. जेवायची सुट्टी होती, पोरं खाली गेली होती. त्यांनी आरसा जवळ ओढला आणि उदास चेहरा करायचा प्रयत्न केला. जमेना! तोंड आपोआप हसरं व्हायचं. इतक्या वर्षांची सवय. त्या कागदावर कागद फाडत होत्या आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, मावशी, बाहेर काढता येत नसेल तर नका काढू, पण हे हसू तेवढं काढा हो!

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या बाई होत्या. काका पलंगावरून घसरून खाली पडले होते. त्या एकट्यांना उचलवत नव्हते, जिन्यातल्या कुणाला तरी बोलावून आणलं होतं. लागलं नव्हतं फारसं. पण ते सारखे दाराकडे बघत होते.

मावशींनी फोन ठेवला आणि समोर बघितलं. आरशात त्यांचा चेहरा होता. त्यांनी तो नीट केला नाही. पेन्सिल उचलली आणि जसा होता तसा माझ्या तोंडावर उतरवला.

दुपारी ते चित्र पडद्यावर लागलं. मी तसाच मुठी आपटत होतो, फक्त तोंड खरं होतं.

"बाप रे, काढा ते, काढा!" आटपासाहेब खुर्चीतून उठलेच. "पोरं जेवायची नाहीत चार दिवस! ते जुनं हसू घाला परत."

"नाही घालणार," मावशी म्हणाल्या.

मावशी कुणाला नाही म्हणाल्या, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अहो, तक्त्यावर लिहिलंय, टिवल्या दुःखी दिसता कामा नये!"

"मग सोपं आहे साहेब," दादा कोपऱ्यातून म्हणाले, "बाहेर काढा की त्याला! बाहेर आल्यावर कशाला दुःखी दिसेल?"

"बाहेर आला की धावणार. एवढी चित्रं काढणार कोण?"

"मी काढते," मावशी म्हणाल्या.

आटपासाहेबांनी डोकं खाजवलं, घड्याळाकडे बघितलं, खेळणीवाल्यांना चार शिव्या हासडल्या आणि म्हणाले, "काढा! शेवटच्या भागात कोण काय विचारतंय! त्या संगणकवाल्यांना म्हणावं, पुन्हा पकडा दम असेल तर. पण आटपा!"

अहो, माझा आनंद काय सांगू! काच तडकली ते चित्र मावशींनी काढलं तेव्हा माझ्या दोन्ही शेपट्या थरथरत होत्या. इतक्या मोसमांनंतर मुठीच्या पुढचं चित्र आलं. मग पुढचं. मग आणखी पुढचं. मी गवतावर होतो!

राहिलं शेवटचं दृश्य. सुटलेला टिवल्या वळून हसतो, असं साहेबांनी ठरवलेलं. मावशींनी आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आरसा पालथा घातला आणि माझी पाठ काढली. मी वळत नाही, कुणाला तोंड दाखवत नाही, दोन शेपट्या वर करून गवतातून सुसाट पळत सुटतो, बस्स.

दादा आवाज द्यायला आले. "खिदळू का?"

"नको. नुसती धाप."

दादांनी अशी काही धाप टाकली की त्यांना खरंच ठसका लागला. दृश्य संपलं, टाळ्या पडल्या. आटपासाहेब मावशींना म्हणाले, "कमाल आहे तुमची! एवढं काम करून चेहऱ्यावर कधी आठी म्हणून नाही. घरी काका काय म्हणतात?"

मावशींनी हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही.

"काही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना बोलता येत नाही. अंथरुणावर आहेत ते."

"अहो, कधीपासून?"

"तुम्ही मला मावशी म्हणायला लागलात ना, त्याच्या आधीपासून."

आटपासाहेबांनी आपली खुर्ची मावशींकडे सरकवली. आटपा म्हणाले नाहीत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मावशींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या ते पुसायच्या भानगडीत पडल्या नाहीत. दादांनी त्यांची पिशवी उचलली, छत्री उचलली आणि म्हणाले, "चला मावशी, मी येतो. एकटीनं कशी उचलता हो त्यांना? दोन माणसं लागतात."

पुढचं मला दिसलं नाही. माझी पाठ होती ना तिकडे, आणि मी पळत होतो. जिन्यावर दोघांची पावलं वाजली, तेवढं ऐकू आलं.

आता मी सुटलोय. ते संगणकवाले काचगोळा घेऊन हिंडताहेत म्हणे. हिंडू देत. तुम्हीही मला शोधायला निघाला असाल तर वेळ घालवू नका, शोधणाऱ्याला मी सापडत नाही. त्यापेक्षा तुमच्या आसपास कुणी जरा जास्तच हसत असेल, तर एकदा त्यांच्या घरी जाऊन या. बेल वाजवा. आतून "काही नाही हो, सगळं ठीक आहे" असं ऐकू आलं तरी लगेच परत फिरू नका, दार उघडेपर्यंत थांबा.

बरं, येतो मी.