जावयाच्या गाडीचे रुंद टायर

टायरवाल्याच्या दुकानाचा एक नियम होता आणि त्यावरून गिऱ्हाइकं त्याची यथेच्छ टिंगल करत. नवे टायर चढवून झाले की तो गाडीच्या मालकाला मागच्या सीटवर बसवायचा, स्वतः चालवायला बसायचा, आणि समोरच्या गतिरोधकावरून, मग गोदामाच्या वळणावरून एक फेरी मारायचा. रिकाम्या गाडीत सगळी चाकं शहाण्यासारखी फिरतात, मागे माणूस बसला की गाडीचं बूड खाली जातं आणि टायर कुठे घासत असला तर तेव्हा तोंड उघडतो, असं त्याचं म्हणणं. मग मालक साहेब असो की गावगुंड, गुडघे पोटाशी घेऊन मागे बसल्याशिवाय त्याची सुटका नसे.

हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही जावयासाठी.

जावयाशी त्याचं बोलणं तुटलं होतं त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हाही निमित्त हीच गाडी. जावयाने हौसेने दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली, कंपनीची चाकं काढून बाहेरून आणलेली रुंद, चकचकीत चाकं बसवली आणि मोठ्या उत्साहाने ती सासऱ्याला दाखवायला आणली. सासऱ्याची जीभ आधीच तिखट. जेवता जेवता तो नको ते बोलून बसला. जावई भरल्या ताटावरून उठला, त्याच्यापाठोपाठ लेकही उठली. नंतर नात झाली, ती सासऱ्याने फोटोतच पाहिली. त्या जेवणाची आठवण आली की त्याला स्वतःचाच राग यायचा.

म्हणून मागे आणखी रुंद टायर घालायचेत आणि ते तुमच्याच हातून, असा जावयाचा फोन आला तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. त्याने दुकान धुऊन काढलं. कामाच्या दिवशी कधी घालत नाही तो पांढरा शर्ट घातला.

सकाळी तिघं आली. नात लेकीच्या खांद्यावरून त्याच्याकडे टक लावून बघत होती. लेक जेवढ्यास तेवढं बोलत होती. सासरा मात्र प्रत्येक वाक्याला "हो, हो" करत होता. इतका गोड तो उभ्या जन्मात कुणाशी बोलला नसेल.

गाडी उचलून मागची चाकं काढताना त्याच्या ध्यानात आलं. ही चाकं मूळ चाकांपेक्षा बरीच बाहेर येत होती. जुन्या टायरांवर कसंबसं भागत होतं, पण जावयाने आणलेले टायर त्याहून रुंद. ते चढवले तर बाहेरच्या बाजूला टायर आणि मडगार्डची आतली कड यांत करंगळीही जाणार नव्हती. दुसरा कुणी असता तर सासऱ्याने टायर परत पाठवून वर चार शब्द सुनावले असते. इथे त्याने हळूच विचारलं, जरा जास्तच रुंद होताहेत, चालतील ना? जावई म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. तोंडाशी आलेलं सासऱ्याने गिळलं आणि टायर चढवले.

मग फेरीची वेळ आली. आता जावयाला त्या इवल्याशा सीटवर कोंबायचं कसं? सासऱ्याची जीभ रेटेना. तो एकटाच फेरी मारून आला. काही घासलं नाही. रिकाम्या गाडीत घासणार तरी काय? थोड्याच वेळात मंडळी निघाली आणि तो रस्त्यावर येऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला.

आत येऊन काढलेले टायर भिंतीशी लावताना त्याला आठवलं. पोरीची सीट मागे होती, म्हणून लेकही मागेच बसली होती. सोबत सामान. एवढ्या वजनाने गाडी खाली बसणार, आणि मोठ्या रस्त्याच्या वेगात ती पत्र्याची कड टायर कापत जाणार. ज्यांच्यासाठी एवढं गोड बोललो तीच दोघं त्या टायरांवर बसली आहेत, हे कळून त्याने हातातला टायर खाली टाकला. आता खोट काढली तर जावयाशी पुन्हा बिनसणार, पुन्हा फोटोच पाहायचे. न काढली तर काय, ते त्याला मनातही आणवेना.

त्याने जावयालाच फोन लावला. "असाल तिथे गाडी बाजूला घ्या. मी येतोय."

एका बंद पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी उभी होती. सासरा आपली व्हॅन थांबवून थेट मागच्या चाकापाशी खाली बसला. टायरच्या बाहेरच्या अंगावर ताजा चरा पडला होता आणि मडगार्डच्या कडेला रबराचा भुगा चिकटला होता.

"आवाज मला गोदामाच्या वळणावरच आला होता," जावई म्हणाला.

"मग थांबला का नाहीत?"

"इतक्या दिवसांनी आलो होतो. तुमच्या हातचं काम. लगेच नावं कशी ठेवायची?"

लेक पोरीला घेऊन सावलीत भिंतीला टेकली होती. "तुम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसा," ती म्हणाली. "मागे आम्ही होतो."

सासऱ्याने कडेवरचा भुगा बोटाने खरवडला. मग तो उठला. "ही चाकं या गाडीची नाहीत. त्या दिवशीही मी तेच सांगत होतो."

"त्या दिवशी तुम्ही चाकांबद्दल बोलला असतात तर मी ऐकलं असतं. तुम्ही म्हणालात, ज्याच्यात स्वतःचं काही नसतं तो असली चाकं लावून मिरवतो."

सासऱ्याची मान खाली गेली. "ते मी बोलायला नको होतं."

"नकोच होतं," जावई म्हणाला. मग गाडीकडे हात करून म्हणाला, "आता चाकांबद्दल बोला."

सासरा बोलायला लागला आणि त्याने काहीच हातचं राखलं नाही. लेक नि नात व्हॅनमधून येतील, गाडी रिकामी आणि हळूहळू दुकानात जाईल आणि जुने टायर परत चढतील. जावयाला ते मान्य नव्हतं. मडगार्डची कड आत दुमडली की हेच टायर बसतील, असं त्याचं म्हणणं. कड दुमडताना रंग तडकेल, वर पुन्हा गंज धरेल, सासरा म्हणाला. आधी पत्रा तापवून घेतला तर नाही तडकत, मी माहिती काढलीय, जावई म्हणाला. दोघांचे आवाज चढले. सासऱ्याच्या तोंडचं "हो, हो" कुठल्या कुठे पळालं.

बोलता बोलता त्याने लेकीकडे पाहिलं. ती दोघांना थांबवत नव्हती. पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती ऐकत होती, आणि घरी जायची तिला अजिबात घाई दिसत नव्हती.