गाव कुठलं विचारणारी पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नाही हो! भोसरीतल्या दहा खोल्यांच्या चाळीच्या फाटकावर लटकलेली, ‘खोली भाड्याने मिळेल’वाली. येणाऱ्याजाणाऱ्याचं सगळं माझ्या कानावर पडतं. लोक मला भोचक म्हणतील. म्हणू देत. पस्तीस वर्षं एकाच खिळ्याला टांगून राहा, मग बघू तुमचं लक्ष कुठं कुठं जातं ते.

मुलांनो, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात, लढाया असतात. पिशव्या घेऊन खोली शोधत फिरणारी माणसं त्यात नसतात. त्यांचा इतिहास माझ्या अंगावर लिहिलाय. एकावर एक, रंगाचे थर देऊन.

माझा जन्म इथला नाही. मी ओडिशातल्या लोखंडाचा पत्रा. मालगाडीतून आले, मग ट्रकमधून. वर्कशॉपमध्ये माझ्या भावंडांचे गाड्यांचे पार्ट झाले आणि मी उरले कोपऱ्यात. चाळीचे मालक कोंडाजी यांनी मला तिथून उचललं आणि पेंटरकडून रंगवून घेतलं. पांढऱ्यावर लाल अक्षरं. नव्या नवरीसारखी दिसत होते मी!

कोंडाजी मूळचे इथलेच. फाटकाशी खाट टाकून बसायचे. कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव नाही, काम नाही. “गाव कुठलं?”

त्या एका प्रश्नावर माणूस आत यायचा, नाहीतर रस्त्याला लागायचा. कोकणातला आला की कोंडाजी म्हणायचे, “नको राव, तुमी मासळी तळता.” मग लातूरकडचे लोक यायला लागले, तेव्हा तर त्यांनी माझ्यावर खाली एक ओळच वाढवली. ‘लातूरकडील लोकांनी विचारू नये.’ का, तर म्हणे, “तिकडं पानी न्हाई. ही मानसं आपला नळ सुकवत्यात.”

ज्ञानदेव आणि त्यांची बायको कौशल्याबाई लातूरकडचेच. ती ओळ वाचून ज्ञानदेवांनी सरळ सांगितलं, “आम्ही जुन्नरचे.” खोली मिळाली. कौशल्याबाई नळावर नुसती मान हलवायची. बायकांना वाटलं, मुकी आहे बिचारी. आठ दिवस निभावलं. नवव्या दिवशी दारात नवरा घसरला आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “अवो, काय करूलालाव!”

झालं. हंडे खाली ठेवून बायका हसल्या. “करूलालाव! हे कुठल्या जुन्नरचं गं?”

कोंडाजींनी त्यांना काढलं नाही, पण नियम केला. लातूरवालीनं सगळ्यात शेवटी पाणी भरायचं. तिची पाळी येईस्तोवर नळ नुसता फुसफुसायचा. रिकामी घागर घेऊन ती माझ्याखाली उभी राहायची, पदर तोंडात धरून. मी पत्र्याची, तिचा डोळा पुसता आला असता तर पुसला असता.

वर्षं गेली. कोंडाजी वारले. त्यांच्या मुलाकडून ही चाळ कोणी घेतली असेल? पै-पै जोडून, कर्ज काढून, कौशल्याबाईनं! ती ओळ तिनं स्वतःच्या हातानं रंग फासून बुजवली. त्या दिवशी मला वाटलं, आता संपलं हे. खुळी मी.

आता खाटेवर ती बसते. आणि कुणी आलं की विचारते, “गाव कुठलं?”

मागच्या वर्षी निरंजन आला. चाकणला वेल्डिंग करणारा. बरोबर बायको झुनू, आठवा महिना लागलेला. तीन ठिकाणांहून नकार घेऊन आलेले.

“नमस्कार मावशी. खोली आहे का?” मराठी अगदी स्वच्छ.

“आहे की. गाव कुठलं, बाबा?”

त्यानं पिशवी खाली ठेवली. “चाकण.” सहा वर्षं राहिला होता तिथं. ह्याला खोटं म्हणायचं का, मुलांनो, तुम्हीच ठरवा.

झुनू नळावर नुसती हसायची. बायकांना वाटलं, लाजाळू आहे. मला मात्र धडकी भरली. मी हे आधी पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी पाणी उशिरा आलं. सगळ्यांच्या आधी तिला दिसलं आणि पोर आनंदानं ओरडली, “पाणि आसिला!” म्हणजे पाणी आलं, माझ्या ओडिशाच्या बोलीत.

बायका हसल्या. “आसिला! हे कुठलं गं चाकण?”

मी कौशल्याबाईकडं बघत होते. तिलाच कळणार हे, दुसऱ्या कुणाला नाही. ती उठली. म्हणाली, “खोटं बोलून शिरलात. रविवारपर्यंत खोली रिकामी करा.”

ओसरीवरून ज्ञानदेव म्हणाले, “कौशे, आपण जुन्नरचे होतो का गं?”

“आपलं वेगळं होतं. आपण मराठी होतो.”

“ते कोंडाजीला कुठं वाटलं होतं?”

तिनं झुनूच्या पोटाकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलावेल, आता म्हणेल राहा पोरी. तिनं बादली उचलली. “रविवार,” एवढंच म्हणाली.

रविवारी टेम्पो आला. झुनू पुढं बसली, मांडीवर शेगडी, त्यावर हात टेकून. कुठं जाणार, कुणी विचारलं नाही. खरं तर तोच एक प्रश्न विचारण्यासारखा होता.

सोमवारी माझ्यावर नवी ओळ आली. ‘परप्रांतीयांना खोली मिळणार नाही.’

आता मला गंज चढलाय. पोपडे निघतात आणि नव्या अक्षरांखालून जुनी दिसायला लागतात, ‘लातूरकडील…’ कौशल्याबाई बघते आणि मुकाट्यानं त्यावर रंग मारते. मुलांनो, उद्या ब्रश तुमच्या हातात येईल. आधी जरा खरवडून बघा म्हणावंसं वाटतं. पण कौशल्याबाईसारखे तुम्हीही जरा थांबाल, आणि मग रंग माराल. फार आशा नाही मला.

एवढ्या वर्षांत मला मात्र कुणी विचारलं नाही, गाव कुठलं? विचारलं असतं, तर मलाही उतरवावं लागलं असतं.