आधी वास यायचा

न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालांवर दाढीनंतरचं सुगंधी पाणी थापटलं आणि मागे कपबशी फुटली. चहा घेऊन आलेली त्याची लेक भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, जणू वरून घाव येणार होता.

न्हाव्याने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. हाच उग्र वास त्याने लग्नात जावयासाठी निवडला होता. बाटली संपली की नवी तोच पाठवायचा.

कुणाला कोणता वास द्यावा, यात त्याचा हात धरणारा गल्लीत नव्हता. मुलाखतीला निघालेल्याला लिंबाचा हलका शिडकावा. घरी आईला दमा असेल, तर नुसती तुरटी. बायको गरोदर असेल, तर म्हणायचा, "आज काही नको. तुम्ही दारात, की ती मोरीत."

लेक चार दिवस विसाव्याला म्हणून माहेरी आली होती. मनगटाला पट्टी होती. जिन्यावरून पडले, म्हणाली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने विचारलं, "जिन्यावरून पडलीस ना गं?"

ती काचा वेचत राहिली. "आधी जिन्यातून तो वास यायचा, बाबा. मग ते यायचे. तेवढ्यात मी डोकं झाकून घ्यायचे."

न्हाव्याने बाटली मोरीत ओतली.

संध्याकाळी जावई तिला न्यायला दुकानातच आला.

"जावईबापू, ती येणार नाही."

"तुम्ही दाढ्या करा. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नका."

त्याने तिचे केस धरले आणि तिला फरफटत दाराकडे नेलं. न्हाव्याने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. जावयाने त्याला आरशावर आपटलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, पण म्हातारा पुन्हा चिकटला. मग जावयाने त्याचा उजवा हात चौकटीत दाबून धरला आणि दार आपटलं. एकदा. परत एकदा. बोटं सुक्या काटक्यांसारखी मोडली.

लेकीने स्टूल उचललं. जन्मात तिने कुणावर हात उगारला नव्हता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला, शिव्या घालत रांगू लागला, तरी ती मारतच राहिली.

"बास, पोरी. मरेल तो."

"मरू दे."

शेवटी शेजारच्या शिंप्याने तिच्या हातातून स्टूल काढून घेतलं.

जावयाला पोलीस घेऊन गेले. न्हाव्याची बोटं कशीबशी जुळली, पण वस्तरा त्या हातात पुन्हा ठरला नाही. दुकान बरेच दिवस बंद राहिलं. एका सकाळी लेकीने कुलूप काढलं, झाडलोट केली आणि खुर्ची झटकली.

"बसा, बाबा."

सारा जन्म तो त्या खुर्चीमागे उभा राहिला होता. आज अंग चोरून बसला. तिने साबणाचा फेस केला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं.

"हात थरथरतोय गं तुझा."

"थरथरू दे. तुम्ही हलू नका."

त्याने डोळे मिटले, मान मागे टेकवली आणि गळा तिच्यापुढे धरला.