टिलीचा दुसरा गुडघा

स्कोन गावच्या घोड्यांच्या दवाखान्यात डॉ. रोवेना पेट्राकिसची उभी हयात घोड्यांचे सांधे पाहण्यात गेली होती. त्यामुळे त्या दुपारी सीटी स्कॅनच्या टेबलावर चक्क सिंहीण आली, तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली. प्राणिसंग्रहालयाकडे एवढं मोठं यंत्र नव्हतं, म्हणून टिलीला इथं आणलं होतं.

टिली म्हातारी झाली होती आणि मागच्या उजव्या पायानं लंगडत होती. तिला लहानाची मोठी करणारा तिचा राखणदार डार्सी तिच्या डोक्याशी बसला होता. सांधाच गेला असेल तर तिला भुलीतून उठवायचंच नाही, असं त्याचं आणि प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर नीव्हचं सकाळीच ठरलं होतं.

"पंजा केवढा रे हिचा!" रोवेना म्हणाली.

"बघून घे. तुझे घोडे नुसत्या लाथा झाडतात, माझी बाई थेट जेवायलाच बसते," डार्सी म्हणाला. विनोद नेहमीचा होता, पण आवाज पार बसला होता.

गुडघ्याची चित्रं पडद्यावर आली आणि रोवेनाचा चेहरा उतरला. सांध्याच्या आत, पुढच्या बाजूला, हाडाचा एक सुटा तुकडा होता. घोड्याच्या गुडघ्यात असं दिसलं की दुसरा अर्थच नसतो.

"तुकडा उडालाय, डार्सी. या वयात तिला ऑपरेशन सोसायचं नाही."

डार्सीनं मान हलवली. "चल, म्हातारे," म्हणत तो टिलीच्या कानामागे खाजवू लागला. नीव्ह शेवटचं इंजेक्शन भरायला वळली.

रोवेनाची नजर मात्र पडद्यावरून हलेना. फुटलेल्या हाडाची कड खडबडीत असते. ही तर नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती. जुनं असेल, झिजलं असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. ती काही पटेना.

"डावा पाय घ्या आत," ती म्हणाली.

"डावा? तो धडधाकट आहे की!" नीव्ह वैतागली. "ठरलंय ना सगळं? कशाला त्याचा जीव टांगणीला लावतेस?"

"आमच्याकडे दोन्ही पाय पाहिल्याशिवाय निकाल देत नाहीत."

"तिला काय शर्यतीत पळवायचीय?" डार्सी उसळला. "सुखानं मरू तरी दे तिला!"

"शिव्या दे हवं तर. पण मला बघू दे."

जित्याची खोड ती. खरं तर तिला दवाखान्याच्या शिस्तीशी काही देणंघेणं नव्हतं; त्या गुळगुळीत कडेनं तिला झपाटलं होतं.

डावा गुडघा पडद्यावर आला. त्याच जागी, तेवढाच, तसाच हाडाचा तुकडा. ज्या पायावर टिली बिनधास्त उभी राहायची, त्या पायात! रोवेनानं पुन्हा उजवा पाहिला, पुन्हा डावा. फुटलेलं काहीच नव्हतं. सांध्यातल्या मऊ गादीत सिंहांना हे हाड जन्माचंच असणार, आणि ती त्याला घोड्याचं माप लावून बसली होती. उजव्या मांडीचा स्नायू तेवढा सुजलेला दिसत होता, बाकी सांधा तरण्याताठ्या जनावरासारखा स्वच्छ होता.

"नीव्ह, ते खाली ठेव!" ती ओरडलीच. मग डार्सीकडे वळली. "मी चुकले रे. मांडी सुजलीय, औषधानं उतरेल. उठव तिला."

"आणि तो तुकडा?"

"तिचाच आहे तो. ती घोडा नाही, एवढ्यासाठी मारत होते मी तिला."

डार्सीनं टिलीच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो हमसून हमसून रडू लागला.